विश्लेषण : कॅन्सरच्या गाठीजवळ ठेवलेला किरणोत्सर्ग बरोबर मोजला, हे ठरवते कोण?

भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या कोणत्याही कारखान्यात मायक्रोमीटरवर, प्रेशर गेजवर एक छोटा स्टिकर असतो : कॅलिब्रेशन कधी झाले, पुढचे कधी. तारीख उलटून गेली असेल तर ऑडिटर ते उपकरण बाजूला काढायला लावतो. ब्रेक डिस्कची जाडी काही मायक्रॉननी चुकली तर वाहन कंपनी अख्खा लॉट परत पाठवते. याच पट्ट्यातील एखाद्या कामगाराच्या पत्नीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि तिला ‘आतून शेक’ द्यायचे ठरले, तर त्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजणाऱ्या उपकरणावर असा स्टिकर असतो का? असतो. पण तो भोसरीच्या प्रयोगशाळेत मिळत नाही, त्यासाठी घाट उतरून ट्रॉम्बेला जावे लागते. आणि परत घाट चढून आल्यावर त्या आकड्यात एक दुरुस्ती करावी लागते, ती विसरली तर रुग्णाला सुमारे सात टक्के जास्त मात्रा मिळू शकते.

ब्रॅकीथेरपी म्हणजे नेमके काय?

किरणोपचार म्हटले की भल्यामोठ्या यंत्राखाली झोपलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो. तो बाहेरून दिलेला उपचार. ब्रॅकीथेरपीत किरणोत्सर्गी स्रोत थेट गाठीच्या आत किंवा अगदी लगत नेला जातो. सध्या बहुतेक ठिकाणी हा स्रोत इरिडियम-१९२ या समस्थानिकाचा असतो. तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबीचा तुकडा एका पोलादी तारेच्या टोकाला वेल्ड केलेला असतो. यंत्र ही तार नळीतून पुढे सरकवते, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबवते आणि परत जाड कवचाच्या तिजोरीत ओढून घेते. तेवढा वेळ खोलीत रुग्णाशिवाय कोणी नसते.

या पद्धतीचा फायदा अंतराच्या साध्या नियमात आहे. स्रोतापासून अंतर दुप्पट झाले की मात्रा साधारण चौथाई होते. त्यामुळे गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि चार-पाच सेंटिमीटरवरच्या अवयवांना बरीच कमी. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय अगदी चिकटून असतात. म्हणजे फायदा आणि धोका दोन्ही त्याच नियमातून येतात.

हा उपचार टाळता येत नाही का?

गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगात नाही. आधी बाहेरून साधारण पाच आठवडे किरणोपचार, सोबत केमोथेरपी आणि मग ब्रॅकीथेरपीच्या काही बैठका हा प्रस्थापित क्रम आहे. ७ ग्रेच्या चार किंवा ९ ग्रेच्या दोन बैठका, असे काही ठरलेले वेळापत्रक असते. यातला शेवटचा टप्पा गाळला तर काय होते, हे अमेरिकेतील आकडेवारीने दाखवून दिले. तिथे १९८८ मध्ये ८३ टक्के पात्र रुग्णांना ब्रॅकीथेरपी मिळत होती, २००९ पर्यंत हे प्रमाण ५८ टक्क्यांवर घसरले. ती मिळालेल्या आणि न मिळालेल्या, बाकी बाबतीत सारख्या रुग्णांची तुलना केल्यावर चार वर्षांनंतर या आजारातून वाचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६४ आणि ५२ टक्क्यांच्या आसपास निघाले.

जागतिक कर्करोग नोंदणीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस बाजारात आणली. तिचा लाभ आज शाळेत असलेल्या मुलींना होईल. त्यांच्या आया आणि मावश्यांसाठी पुढची दोन-तीन दशके ब्रॅकीथेरपीच लागणार आहे.

मग मोजण्याची एवढी अडचण काय?

अडचण इरिडियमच्या स्वभावात आहे. त्याचे अर्धायुष्य ७३.८ दिवसांचे. म्हणजे स्रोताची ताकद रोज सुमारे एक टक्क्याने घटते. नवा स्रोत साधारण १० क्युरीचा असतो. अडीच महिन्यांनी तो पाचचा राहतो आणि ज्या बैठकीला आधी १० मिनिटे लागायची तिला २० लागतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी जुना स्रोत परत पाठवून नवा बसवावा लागतो. रेडियमच्या जमान्यात ही कटकट नव्हती. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे, डॉक्टरच्या उभ्या कारकीर्दीत त्याची ताकद बदललीच नाही. ‘इतके मिलिग्रॅम, इतके तास’ एवढा हिशेब पुरे होई. प्रमाण म्हणून मेरी क्युरी यांनी १९११ मध्ये सुमारे २२ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद करून दिले आणि जगभरच्या रेडियमची तुलना त्या नळीशी होऊ लागली. इरिडियमची अशी कायमची नळी करून ठेवता येत नाही. ठेवली तर पुढच्या वर्षी ती जवळपास रिकामी झालेली असेल.

त्यामुळे आता स्रोतात ‘किती पदार्थ आहे’ असे विचारत नाहीत. स्रोतापासून एक मीटरवरच्या हवेत दर तासाला किती ऊर्जा सोडली जाते, हे विचारतात. याला संदर्भ एअर कर्मा दर म्हणतात. १० क्युरीच्या इरिडियम स्रोतासाठी तो तासाला साधारण ४० मिलिग्रे येतो. क्युरी हा आकडा बोलण्यात अजून रुळलेला आहे, पण उपचाराच्या संगणकात क्युरी आणि एअर कर्मा यांची गल्लत झाली तर गणित सरळ चुकते. प्रोस्टेट आणि डोळ्याच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१२५ च्या बियांबाबत या दोन एककांतला गुणक १.२७ आहे. म्हणजे एक एकक दुसरे समजून टाकले की मात्रेत पाव हिश्शाहून अधिक फरक.

स्रोतासोबत प्रमाणपत्र येते, ते पुरेसे नाही का?

येते. उत्पादक त्यावर ताकद, तारीख आणि वेळ छापतो, अनिश्चितता साधारण ५ टक्क्यांपर्यंत मान्य करतो. प्रमाणपत्र चुकीचे असल्याचे प्रसंग विरळ असतात. पण विरळ प्रसंग ओळखायचा तर रुग्णालयाकडे स्वतःचा आकडा हवा. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर पुरवठादाराचा टेस्ट रिपोर्ट आला तरी ‘इनवर्ड इन्स्पेक्शन’ चुकत नाही, तसेच.

चूक नेहमी स्रोतातच असते असेही नाही. प्रमाणपत्रावर ५/८ अशी तारीख आहे. युरोपीय पद्धतीने ती ५ ऑगस्ट, अमेरिकी पद्धतीने ८ मे. मधले अंतर ८९ दिवस. या काळात इरिडियमची ताकद ४३ टक्क्यांवर येते. स्वतः मोजणाऱ्याला ही चूक पहिल्याच वाचनात कळते. न मोजणाऱ्याला ती कळायला रुग्णाच्या जखमा किंवा परत आलेली गाठ, यांचीच वाट पाहावी लागेल.

रुग्णालयात मोजतात कसे?

यासाठी ‘वेल चेंबर’ नावाचे उपकरण असते. नावाप्रमाणे विहिरीसारखे : मध्यभागी पोकळ नळी, भोवती हवेने भरलेला कक्ष. स्रोत नळीत उतरला की त्याच्या किरणांमुळे कक्षातल्या हवेचे आयन बनतात आणि अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. तो इलेक्ट्रोमीटर नावाच्या संवेदनशील मापकाने मोजतात. स्रोत नळीत काही मिलिमीटरच्या टप्प्यांनी वर-खाली करून प्रवाह सर्वाधिक येतो ती जागा शोधतात आणि तिथेच वाचन घेतात, कारण तिथे मिलिमीटरभर इकडेतिकडे झाले तरी आकडा फारसा हलत नाही. चेंबर भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यावर ठेवतात, नाहीतर भिंतीवरून उलटून आलेले किरणही मोजले जातात. व्होल्टेज निम्मे करून पुन्हा वाचन घेतात, त्यातून किती आयन वाटेतच एकमेकांना भेटून नाहीसे झाले हे समजते. शेवटी आलेल्या प्रवाहाला कॅलिब्रेशनच्या गुणकाने गुणले की ताकद मिळते.

उदाहरणार्थ, प्रमाणपत्रावर तासाला ४०.८ मिलिग्रे असे लिहिलेले आहे आणि त्या तारखेला १२ दिवस झाले आहेत. ऱ्हासाचे गणित केल्यावर आज ३६.४५ यायला हवे. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला ३६.१ मिळाले. फरक एका टक्क्याचा, काम सुरू. फरक ३ टक्क्यांच्या पुढे गेला तर पुन्हा मोजायचे, ५ टक्क्यांच्या पुढे गेला तर कारण सापडेपर्यंत रुग्णावर वापरायचे नाही, अशी सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय रीत आहे.

गुणक कुठून येतो? दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा देशाचा मीटर आणि किलोग्रॅम सांभाळते, पण आयनीकरण करणाऱ्या किरणांचे राष्ट्रीय मानक मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९७६ मध्ये उभारलेल्या मात्रामापन प्रयोगशाळांच्या जाळ्यात ट्रॉम्बेचाही समावेश आहे. रुग्णालये आपला चेंबर तिथे पाठवतात, तिथल्या मानकाशी तुलना करून गुणक ठरतो. साधारण दर दोन वर्षांनी हे करावे, अशी शिफारस आहे. मधल्या काळात चेंबर बिघडलेला नाही ना, हे दीर्घायुषी छोट्या स्रोताने तपासत राहायचे असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये ब्रॅकीथेरपीच्या मात्रामापनासाठी नवी कार्यसंहिता प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेने काय करायचे आणि रुग्णालयाने काय, हे तीत एकत्र दिले आहे.

घाट चढल्यावर काय बदलते?

हवा. वेल चेंबर बंद डबा नसतो, तो बाहेरच्या हवेला मोकळा असतो. जितकी दाट हवा, तितके आयन जास्त, तितका प्रवाह जास्त. कॅलिब्रेशनचा गुणक समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल आणि ठरावीक तापमान, बहुधा २० अंश सेल्सिअस, गृहीत धरून दिलेला असतो. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथला प्रत्यक्ष दाब सुमारे ९४५ ते ९५० हेक्टोपास्कलच्या घरात राहतो. म्हणजे चेंबरमध्ये हवाच सहा-सात टक्के कमी. तोच स्रोत, तोच चेंबर, पण ट्रॉम्बेत १०० दाखवणारे उपकरण चिंचवडला ९३-९४ दाखवणार. म्हणून वाचनाला १.०७ च्या आसपासच्या गुणकाने वर आणावे लागते. खोली २७ अंशांवर असेल तर आणखी दोन टक्के.

ही दुरुस्ती प्रत्येक वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला पहिल्याच वर्षी शिकवली जाते. तरीही तिच्यात एक खाच आहे आणि ती प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवरचे हवामान ॲप उघडले तर पिंपरीचा दाब १००८ किंवा १०१० असा दिसतो. तो पिंपरीचा नसतोच. हवामान खाती वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी म्हणून दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. रुग्णालयातला बॅरोमीटर बंद पडला आणि कोणी ॲपवरचा किंवा विमानतळाने जाहीर केलेला आकडा सूत्रात टाकला, तर दुरुस्ती केल्याचे समाधान मिळते आणि दुरुस्ती होतच नाही. मुंबईत ही चूक खपून जाईल, कारण तिथे दोन्ही आकडे जवळपास एकच. घाटमाथ्यावर नाही.

चूक कोणत्या दिशेने होते तेही लक्षात घेण्याजोगे आहे. पातळ हवेमुळे स्रोत आहे त्यापेक्षा अशक्त भासतो. अशक्त स्रोत म्हणून संगणक थांबण्याचे सेकंद वाढवतो. रुग्णाला मात्रा जास्त मिळते. सात टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण गुदाशय आणि मूत्राशयाची सहनशक्ती आधीच काठावर वापरलेली असते. तिथे प्रत्येक जादा टक्का पुढे रक्तस्राव किंवा न भरणाऱ्या जखमेची शक्यता वाढवतो, तोही महिन्यांनी किंवा वर्षांनी, जेव्हा कारण शोधायला कोणी मागे वळत नाही.

इथेच दोन आकड्यांची तुलना कामी येते. वरच्या उदाहरणात दाबाची दुरुस्ती राहिली असती तर ३६.१ ऐवजी ३३.७ आले असते, प्रमाणपत्रापेक्षा साडेसात टक्के कमी, आणि काम तिथेच थांबले असते. प्रमाणपत्र एकटे पुरेसे नाही तसे मोजमापही एकटे पुरेसे नाही. आयोडीन-१२५ सारख्या मंद ऊर्जेच्या बियांबाबत तर गंमत उलटी होते : नेहमीचे दाबाचे सूत्र उंचावर गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करून बसते आणि त्यासाठी चेंबरनुसार वेगळा गुणक लावावा लागतो.

चाकणच्या कारखान्यांतही इरिडियमच असते ना?

हो, आणि अनेक कामगारांना हे नाव रुग्णालयाआधी तिथेच भेटलेले असते. ढलाईतील पोकळ्या आणि वेल्डिंगमधील भेगा तपासण्यासाठी होणाऱ्या औद्योगिक रेडिओग्राफीत हाच समस्थानिक वापरतात, तोही बऱ्याचदा रुग्णालयापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचा. देशात अशा स्रोतांचा पुरवठा करणारे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ नवी मुंबईत वाशीला आहे. मात्र कारखान्यात ताकदीचा आकडा पाच-सात टक्क्यांनी चुकला तर फिल्म थोडी काळी किंवा फिकी येते, वेळ बदलून पुन्हा काढता येते. रुग्णाची बैठक पुन्हा ‘काढता’ येत नाही. धातू एकच, हाताळणाऱ्याचा परवानाही एकाच अणुऊर्जा नियामक मंडळाचा, पण मोजमापाची शिस्त त्यामुळेच वेगळी.

किरणोत्सर्ग म्हटले की लोकांच्या भीतीचा रोख हरवलेल्या स्रोतावर असतो. ती भीती निराधार नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले आणि त्या पोलादाचा माग महाराष्ट्रातील ढलाईपर्यंत आला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्टने एकाचा बळी घेतला. पण भंगारातल्या स्रोताची बातमी होते, चुकलेल्या दशांश चिन्हाची होत नाही.

ब्रॅकीथेरपीत अपघात झाले आहेत का?

सर्वात गाजलेला नोव्हेंबर १९९२ मधला, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इंडियाना गावचा. उपचारादरम्यान स्रोत तारेपासून तुटला आणि रुग्ण स्त्रीच्या शरीरातच राहिला. खोलीतला धोक्याचा दिवा किरणोत्सर्ग दाखवत होता, यंत्र मात्र ‘स्रोत आत आला’ म्हणत होते. कर्मचाऱ्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि हातातल्या साध्या मापकाने रुग्णाला तपासले नाही. चार-पाच दिवसांत तिचा मृत्यू झाला. स्रोत कचऱ्यातून निघाला, तोही कचरा प्रकल्पातला किरणोत्सर्गाचा इशारा वाजला म्हणून. तिला मिळालेली मात्रा ठरवलेल्याच्या हजार पटींच्या आसपास होती.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००५ मध्ये उच्च मात्रादराच्या ब्रॅकीथेरपीवर स्वतंत्र अहवाल काढला. त्यात अशा ५०० हून अधिक अपघातांची दखल आहे आणि बहुतेकांचे मूळ यंत्रात नव्हे, माणसाच्या चुकीत सापडले. एकक चुकणे, तारीख चुकणे, नळीची लांबी चुकणे, एका रुग्णाची योजना दुसऱ्याला लागणे.

भारतात ही जबाबदारी कोणावर आहे?

१९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ परवाना देते. मंडळाच्या नियमांनुसार केंद्रात पात्र किरणोपचार तज्ज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि मान्यताप्राप्त किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावाच लागतो. भौतिकशास्त्रज्ञ घडवण्याचा पहिला अभ्यासक्रमही मुंबईचाच : भाभा अणुसंशोधन केंद्रातील किरण भौतिकीची पदविका १९६२ पासून सुरू आहे. देशभरच्या अनेक रुग्णालयांत आज जे हे मोजमाप करतात ते तिथून शिकून बाहेर पडलेले आहेत.

कागदावर ही साखळी चोख आहे. कच्चा दुवा केंद्राच्या आकारात आहे. मोठ्या संस्थेत एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे पडताळायचे, हे जमते. एक-दोन भौतिकशास्त्रज्ञांवर चालणाऱ्या रुग्णालयात मोजणारा आणि पडताळणारा बऱ्याचदा एकच असतो. चेंबर ट्रॉम्बेला गेला की दुसरा हाताशी नसतो, शेजारच्या रुग्णालयाकडून मागून आणावा लागतो. मागून आणलेला चेंबर गाडीच्या डिकीतून काढून लगेच वापरला तर आतली हवा अजून तापलेली असते, तो काही तास खोलीत ठेवावा लागतो. त्या दिवशी बाहेर रुग्ण रिकाम्या पोटी बसलेले असतात. नियम मोडले जातात ते अशाच दिवशी.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे आणि त्यातली २०० पहिल्याच वर्षी, अशी घोषणा झाली. ही केंद्रे प्रामुख्याने केमोथेरपीसाठी आहेत, ब्रॅकीथेरपीसाठी रुग्णाला मोठ्या केंद्रातच यावे लागेल. रुग्ण वाढतील तसे मोठ्या शहरांच्या कडेला नवी यंत्रे बसतील, पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी तर नक्कीच. यंत्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. चेंबर, बॅरोमीटर आणि दुसरा भौतिकशास्त्रज्ञ यांची तरतूद मात्र निविदेच्या शेवटच्या पानावर ढकलली जाते.

बाहेरून कोणी तपासते का?

बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचारासाठी टपालाने तपासणीची सोय १९६९ पासून आहे. बारीक मापक कुप्या रुग्णालयाला पाठवतात, रुग्णालय त्यांना ठरलेली मात्रा देते, कुप्या परत जातात आणि खरी मात्रा किती होती ते त्रयस्थ प्रयोगशाळा सांगते. ब्रॅकीथेरपीत अंतराच्या मिलिमीटरने मात्रा बदलत असल्याने अशी टपाली तपासणी अवघड आहे आणि तितकी रुळलेली नाही. त्यावर स्वस्त उपाय आहे : एका शहरातल्या दोन रुग्णालयांनी नवा स्रोत आला की एकमेकांच्या चेंबरने तो मोजायचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची केंद्रे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत आणि वेल चेंबर स्वतः किरणोत्सर्गी नसल्याने तो नेण्या-आणण्यात धोका नाही. यंत्रे बदलायची नाहीत, खर्च पेट्रोलचा. स्पर्धक रुग्णालयांनी एकमेकांना आपले आकडे दाखवायला तयार व्हावे लागेल, एवढेच.

रुग्णाच्या नातेवाइकांनी काय विचारावे? स्रोत कधी बदलला, तो इथे मोजला का आणि ज्या चेंबरने मोजला त्याचे कॅलिब्रेशन कधीचे आहे. उत्तर एका रजिस्टरच्या एका पानावर असते. ज्या घरातला माणूस रोज व्हर्नियरवरचा स्टिकर पाहून काम सुरू करतो, त्याला हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही.